सांधलेली आई

शरयू औंधकर यांनी आपल्या मुलाची आई पहिल्यांदा पाहिली ती एका रविवारी सकाळी, साताऱ्यातल्या स्वतःच्या हॉलमध्ये, हातात पोह्यांची बशी धरून. भिंतीवरच्या पडद्यावर ती बाई हिरवी साडी नेसून बसली होती. तिच्या मांडीवर शरयूबाईंचा मुलगा होता, वय अंदाजे दोन, अंगात शरयूबाईंनीच विणलेला स्वेटर.

“ही कोण बया?” शरयूबाई म्हणाल्या.

कुणी लक्ष दिलं नाही. निरंजनला चाळीस पूर्ण झाली म्हणून त्यानेच पुण्याहून ‘गोफ’ लावला होता, आणि तो बघायला अख्खं औंधकर खानदान जगभरातून ऑनलाइन जमलं होतं. मागे बासरी वाजत होती.

“वहिनी, जरा बाजूला व्हा. दिसत नाही,” धाकटे दीर विश्वासभाऊजी म्हणाले. “आणि ते पोहे द्या इकडे.”

शरयूबाईंना सगळेच वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. त्यांच्या लग्नाच्या वेळी औंधकरांच्या घरात आई एकच होती, आणि ती म्हणजे सासूबाई. ते पद भरलेलं होतं. एका पाठोपाठ एक असे धाकटे दीर दिवसभर “वहिनी, चहा”, “वहिनी, माझा पायमोजा” असं ओरडत फिरत आणि थोरल्या भावाला दादा म्हणत. निरंजन बोलायला लागला तेव्हा त्याने चार दिवस कानोसा घेतला आणि बहुमताचा निर्णय मान्य केला. जन्मदात्रीला तो वहिनी म्हणाला, बापाला दादा म्हणाला, आणि जन्मभर तेच म्हणत राहिला. घराघरात असं असतं. कुणाची आई काकू असते, कुणाचा बाप अण्णा असतो, आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. म्हणजे, तोवर अडलं नव्हतं.

गोफ म्हणजे काय, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. तरी ज्यांनी तो मुद्दाम टाळला अशा सुज्ञांसाठी सांगायला हवं. पूर्वी लग्नामुंजीचे फोटो आणि व्हिडिओ एकामागे एक चिकटवून, मागे सनई लावून ऑनलाइन स्लाइड शो करत. तो पाहणं ही जेवणाआधीची शिक्षा असे. गोफने हा प्रकार सुधारला. तुम्ही तुमचे फोटो टाकायचे, मावशीने तिचे, चुलत्याने कपाटात पडलेल्या कॅसेटी टाकायच्या. मशीन सावलीच्या लांबीवरून वेळ ठरवतं, पोराच्या दातांवरून त्याचं वय आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरून साल. एकाच बारशाचे फोटो चार जणांनी चार कोपऱ्यांतून काढले असतील, तर त्यांतून ते ती खोलीच उभी करतं आणि तुम्हाला आत फिरवून आणतं. दोन फोटोंच्या मधलं जे कुणीच टिपलं नाही ते अंदाजाने भरतं. जळती मेणबत्ती तुमची, विझलेली मेणबत्ती तुमची, मधली फुंकर मशीनची. या भरलेल्या तुकड्याला सांधचित्र म्हणतात.

आता चित्रं नीट ओवायची तर कोण कुणाचं हे कळायला हवं. त्यासाठी मशीन हाका ऐकतं. कोण कुणाला काय म्हणतं, म्हणताना कुणाकडे बघतं, यावरून ते नात्यांचं जाळं विणतं. जाळ्यात भोक राहिलं की स्लाइड शो अडखळतो. अडखळलेला स्लाइड शो लोक बंद करतात. म्हणून भोक पडू द्यायचं नाही, अशी मशीनला सक्त ताकीद होती. फुंकर भरता येते, तर माणूस का भरता येऊ नये?

निरंजनच्या जाळ्यात दोन मोठी भोकं होती. त्याच्या हयातीतल्या एकाही व्हिडिओत त्याने कुणालाही प्रेमाने आई किंवा बाबा म्हटलं नव्हतं. खऱ्याखुऱ्या ‘आई’, म्हणजे सासूबाई, विश्वासभाऊजींनी दुबईहून कॅमेरा आणण्याआधीच गेल्या होत्या.

पडद्यावर पुढचं चित्र आलं. त्यात वहिनी होत्या. तरुण, घामेजलेल्या, कडेवर निरंजन. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं : ‘दीर आणि वहिनी – एक निर्मळ नातं.’

विश्वासभाऊजींना पोह्यांचा ठसका लागला.

पुढच्या चित्रात वहिनींचे कैलासवासी यजमान सायकल धरून उभे होते. ‘थोरले बंधू, ज्यांनी वडिलांची उणीव भासू दिली नाही.’

“निरंजन!” वहिनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या लेकाच्या चेहऱ्याकडे बघून ओरडल्या. “अरे, ही बाई कोण? आणि तुझे वडील तुझे बंधू कधीपासून?”

“अगं वहिनी, मशीनचा घोळ आहे तो.” निरंजन पुण्यात हसून लोटपोट झाला होता. “करतो दुरुस्त. पण काय गोड आहे ना ती?”

वहिनींच्या काळजात जे झालं ते त्यांनी पोह्यांच्या रिकाम्या पातेल्यावर काढलं. ते घासण्याचा आवाज कॅलिफोर्नियापर्यंत गेला.

दरम्यान पडद्याखाली नातेवाइकांचे निरोप येऊ लागले. औंधकरांच्यात ‘ही कोण, ठाऊक नाही’ असं कबूल करण्याची पद्धत नाही. नागपूरच्या एका आत्तेनणंदेने लिहिलं, ‘अगदी अशीच हसायची.’ कुणीतरी हात जोडले. कुणाला तिच्या हातची पुरणपोळी आठवली. मग दुसऱ्याला ती पुरणपोळी जरा कोरडी असल्याचंही आठवलं, आणि त्यावरून दोघांचं भांडण जुंपलं. मशीन हेही वाचत होतं. जेवणाची वेळ होईपर्यंत त्या बाईला माहेर होतं, आवडता रंग होता, आणि गुडघेदुखी होती.

निरंजनने काही दुरुस्त केलं नाही. आधी राहून गेलं, मग राहू दिलं. तो पुण्यात एकटा राहायचा. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे वहिनींच्या फोनची त्याला धास्ती असायची. त्या फोनमध्ये जेवलास का, उशीर का झाला, आणि शिंद्यांच्या घटस्फोटित मुलीचं काय करायचं, हे तीन प्रश्न ठरलेले असत. गोफमधली आई असलं काही विचारत नसे. गोफने मागाहून ‘गैरहजेरी सेवा’ काढली होती : नात्यातला जो माणूस उत्तर देत नाही, त्याच्या वतीने मशीन त्याच्याच आवाजात, तो बहुधा देईल ते उत्तर देई. आधी लग्नाच्या आमंत्रणांना, मग सोसायटीच्या मीटिंगांना. ही आई तर कायमचीच गैरहजर, त्यामुळे कायमची उपलब्ध. निरंजन संध्याकाळी तिला ऑफिसातलं सांगत बसे. तिच्या बोलण्यात गोडवा भरपूर, मजकूर कमी.

“साहेबाने आज पुन्हा माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं गं.”

“हं. मान खाली, बाळा,” ती म्हणायची. “हलू नको.”

नोकरीत हा सल्ला त्याला फार उपयोगी पडला. त्याला बढतीही मिळाली.

वहिनींना हे विश्वासभाऊजींकडून कळलं. त्या संतापल्या, फोन उचलला, आणि म्हणाल्या, “जेवलास का?” दुसरं काही त्यांना सुचलंच नाही.

मग एका गुरुवारी दुपारी निरंजन ऑफिसात पोट धरून खाली बसला तो उठलाच नाही. अपेंडिक्स फुटलं होतं. सहकाऱ्यांनी त्याला हायवेलगतच्या एका नव्या हॉस्पिटलात नेलं. विश्वासभाऊजींनी गाडी काढली, वहिनी होत्या त्या साडीवर निघाल्या, आणि खंबाटकीच्या बोगद्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. विश्वासभाऊजींना अशी वहिनी माहीत नव्हती. ते गाडी फार हळू चालवू लागले.

काउंटरवर ऋजुता नावाची एक तिशीतली बाई होती. चेहरा थकलेला, पण आवाज शिकवलेला.

“पेशंट निरंजन औंधकर,” वहिनी म्हणाल्या. “कसा आहे?”

“आत घेतलंय त्यांना. ऑपरेशन सुरू झालंय. आपण कोण?”

“आई.”

ऋजुताने काउंटरवरच्या पडद्याकडे पाहिलं. “आई आल्यात.”

“हो, आले ना. ही काय.”

“नाही, म्हणजे आई आतच आहेत. त्यांनीच संमती दिली ऑपरेशनला. तुम्ही...” तिने पडद्यावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला. “तुम्ही वहिनी ना?”

“हो, वहिनीच.”

“मग आई कसं म्हणता?”

विश्वासभाऊजी मदतीला पुढे सरसावले, आणि इथेच चूक झाली. “मॅडम, त्या वहिनीही आहेत आणि आईही आहेत.”

“दोन्ही?”

“आमच्या घरात चालतं तसं.”

ऋजुताने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि नजर खाली केली.

“तोंड सरळ करा आधी!” वहिनी कडाडल्या. “काय समजलात तुम्ही? तो मला वहिनी म्हणतो. मी त्याला जन्म दिलाय. एवढं साधं आहे.”

“जन्मदाखला मागवतो साताऱ्याहून,” विश्वासभाऊजी म्हणाले.

“काका, कागद आता कोण धरतं?” ऋजुता म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती.

त्या वर्षांत अशी वेळ आली होती की कुठलाही दाखला, कुठलाही फोटो, कुठलीही सही बसल्या जागी चहा निवायच्या आत तयार व्हायची. लोक स्वतःच्या हयातीचे दाखले खोटे निघाले म्हणून जिवंतपणी हेलपाटे घालत. एकट्या पुराव्यावरचा विश्वासच उडाला. पण वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेली हजारो चित्रं एकमेकांशी जुळवून आणणं कुठल्या भामट्याला जमणार? म्हणून विमावाल्यांनी गोफ हाच नात्याचा पुरावा धरला, मग हॉस्पिटलांनी, मग सगळ्यांनी. तर्क बिनतोड होता. फक्त त्यातली भोकं मशीनने स्वतःच बुजवलेली आहेत, हे कुणी विचारात घेतलं नव्हतं. किंवा घेतलं होतं, आणि मग जेवायची सुट्टी झाली.

“संमती ऐकायची मला,” वहिनी म्हणाल्या.

“ते ऐकवत नाहीत.”

“मग मी इथेच बसते.” आणि त्या काउंटरसमोर भर रांगेत फरशीवर बसल्या.

ऋजुताने ऐकवलं. पडद्यावर हिरव्या साडीतली बाई आली, ओठ हलले, आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, “घाबरू नको बाळा. मुंगी चावल्यासारखं होईल.”

“याला संमती म्हणतात?” विश्वासभाऊजींनी विचारलं.

“होकारार्थी धरली आहे.”

वहिनी मात्र उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे डोळे बारीक झाले. “पुन्हा लावा.”

पुन्हा लागलं.

“भाऊजी, हे वाक्य कुणाचं? गद्रे डॉक्टरांकडचा तो कंपाउंडर! सुई मारायच्या आधी हेच म्हणायचा मेला. आणि हनुवटी बघा हिची. बघा नीट. मिशा लावून बघा.”

विश्वासभाऊजींनी मनातल्या मनात मिशा लावल्या. “अगं बाई,” ते म्हणाले. “वामनराव!”

वामनराव म्हणजे औंधकरांच्या ओट्यावर येऊन मुलांचे केस कापणारे गृहस्थ.

ऋजुतालाही आता राहवेना. रांगेतल्या लोकांना थांबवून तिने मशीनला ‘आधार दाखवा’ अशी आज्ञा दिली. ज्या क्षणांवरून मशीनने आईची जागा भरली होती, ते क्षण एकापाठोपाठ एक येऊ लागले. लहानपणचे सगळे विश्वासभाऊजींनी दुबईच्या कॅमेऱ्यावर टिपलेले.

दवाखाना. छोट्या निरंजनच्या दंडात सुई. निरंजन : “आई गं!” समोर कंपाउंडर.

ओटा. कात्री. निरंजन : “आई गं!” समोर वामनराव, “मान खाली, हलू नको,” म्हणताहेत.

उन्हाळी शिबीर. कराटेचे सर निरंजनचा पाय त्याच्या इच्छेविरुद्ध कानापर्यंत नेताहेत. “पाय ताठ!” “आई गं, आई गं, आई गं!”

तीनदा. मशीनने या सरांना जास्त वजन दिलं होतं; डोळे आणि कल्ले त्यांचेच होते. आई ही बाई असते एवढं मशीनला ठाऊक होतं, म्हणून त्याने तिघांना एकत्र करून मिशा काढल्या आणि साडी नेसवली.

पुढे कॉलेजातले व्हिडिओ होते. त्यांत निरंजन मित्रांबरोबर क्रिकेट बघत “आयला, कसला सिक्स मारलाय!” म्हणत होता. मशीनने ही ‘आई’ची चतुर्थी विभक्ती धरली होती. प्रत्येक षटकार आईला कळवणारा मुलगा, अशी त्याच्या आज्ञाधारकपणाची नोंद होती.

वडिलांच्या जागी ‘शोध चालू आहे’ असं होतं. निरंजन “बाप रे!” म्हणाला तेव्हा समोर एकदा सर्कशीतला हत्ती होता, एकदा जत्रेतला उंच पाळणा आणि एकदा विजेचं बिल. इथे मशीनने तारतम्य दाखवलं होतं.

रांगेतले लोक हसले. पेशंटच्या काळजीने काळवंडलेले लोक, पोट धरधरून हसले. ऋजुतानेही तोंडावर हात धरला.

“हसा,” वहिनी म्हणाल्या. “माझं पोर आत फाडून ठेवलंय, त्याला तीन बाप्यांची मिळून एक आई परवानगी देते, आणि जिच्या पोटात तो नऊ महिने होता ती इथे फरशीवर. हसा. मलाही हसू आलं असतं, पण माझं पोर आहे ना.”

हसणं थांबलं.

“मशीन बनवणाऱ्यांना मराठी येत नव्हतं का हो? दुखलं की आपल्यात कुत्रासुद्धा आई गं म्हणतो. त्याने मला हजार वेळा वहिनी म्हटलं, ते कुठे गेलं?”

“ते धरलंय ना,” ऋजुता हळूच म्हणाली. “दीर म्हणून.”

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन पाहिजे तर आईंशी बोलतो म्हणाले, आत गेले, पडद्याशी बोलले आणि समाधानाने परत गेले. निरंजनला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हलवलं. तिथे एकाच व्यक्तीला बसायची मुभा होती, आणि ती व्यक्ती बसली होती. खोलीच्या दाराला काचेची चौकट होती. वहिनींनी तिच्यातून पाहिलं. पलंगावर निरंजन, गुंगीत, ओठ सुकलेले. शेजारी एक खुर्ची. खुर्चीवर उशी. उशीवर एक पडदा टेकवून ठेवलेला, आणि त्यात हिरव्या साडीतली बाई पापण्या लववत त्याच्याकडे बघत होती.

वहिनींना सासूबाई आठवल्या. निरंजन जेमतेम बोलू लागला होता तेव्हा एका दुपारी माजघरातून “आई” अशी हाक आली होती. कणकेचे हात तसेच घेऊन शरयू धावली होती; पण सासूबाईंनी आतून आधीच “काय रे राजा?” म्हटलं होतं. शरयू दारातून माघारी वळली. त्या वेळी तिने काही मनाला लावून घेतलं नाही. घरात वयाने मोठ्या, मानाने मोठ्या, आणि पोराला सांभाळत होत्या. पण या बाईने काय सांभाळलं होतं? वामनरावांची हनुवटी?

“एक मार्ग आहे,” ऋजुता मागून येऊन म्हणाली. तिची सुटी व्हायची वेळ झाली होती, पण ती गेली नव्हती. “आत फक्त आई, बायको किंवा आया जाऊ शकते. आयांची नेमणूक माझ्याकडेच असते. मी तुम्हाला आया म्हणून...”

“पोटच्या पोराकडे? आया म्हणून?”

“नावापुरतं हो.”

“नावापुरतंच तर सगळं चाललंय!” वहिनींचा आवाज मजलाभर घुमला. “आधी सासूने नाव नेलं. मग दिरांनी नाव ठेवलं. मग त्या मशीनने नाव पुसलं. आता तुम्ही बिल्ला देताय. आयाच्या पुढे काय? फरशी पुसणारी?”

विश्वासभाऊजी जोड्यांकडे बघत राहिले. काचेपलीकडे निरंजनने कूस बदलायचा प्रयत्न केला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. खुर्चीवरची बाई गोड हसली. “पाय ताठ,” ती म्हणाली.

“आणा तो बिल्ला,” वहिनी म्हणाल्या.

आत गेल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खुर्चीवरच्या बाईला उशीसकट उचलून खिडकीच्या कट्ट्यावर, युरिनच्या भांड्याशेजारी ठेवलं. दुसऱ्याच क्षणी कुठेतरी घंटा वाजली आणि एक नर्स धावत आली.

“आई कुठे गेल्या?”

“उभ्या आहेत जरा तिकडे,” वहिनी खुर्चीत बसत म्हणाल्या. “बसून बसून अवघडल्या होत्या.”

नर्सने कट्ट्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं, वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि घंटा बंद करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजन पुरता शुद्धीवर आला. वहिनी ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसत होत्या.

“वहिनी? तू कधी आलीस?” मग त्याची नजर खाली गेली. “हे काय गळ्यात?”

“नेमणूक झाली माझी. तुझी आई वरिष्ठ आहे, मी तिच्या हाताखाली.”

निरंजनला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो हसू लागला, टाके दुखले म्हणून थांबला, आणि मग वहिनी हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं.

ऋजुता वर आली. पेशंट शुद्धीवर आहे, तर आता दुरुस्ती होऊ शकते, तिने सांगितलं. फार काही करायचं नव्हतं. निरंजनने कॅमेऱ्यासमोर वहिनींकडे बघून ‘आई’ अशी हाक मारायची. मशीनला एवढं पुरेल.

निरंजनने घसा साफ केला. वहिनींनी नकळत पदर सारखा केला.

“आई,” तो म्हणाला.

ऋजुताच्या हातातल्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘अभिनय आढळला. कृपया मनापासून प्रयत्न करा.’

“आई!” निरंजन पुन्हा म्हणाला. या वेळी तो इतका मनापासून म्हणाला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी “काय झालं?” विचारलं.

‘अभिनय आढळला.’

“बंद कर,” वहिनी म्हणाल्या. “मागे वळून बघावंसं वाटतंय मला, कुणाला हाक मारतोयस म्हणून. आणि मी का म्हणवून घेऊ? चाळीस वर्षं जे म्हणालास त्यात मला काही कमी वाटलं नाही. कमी त्याला वाटलं.” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

“मग दुसरा उपाय,” ऋजुता म्हणाली. “आत्ता आहेत त्या आईंना काढून टाकायचं. पण तुमच्या गोफात मग आई राहणार नाही. विम्याला, हॉस्पिटलला, कशालाच. पुढच्या वेळी काही झालं तर यांना आयाचा बिल्लाही मिळेल का, सांगता येत नाही.”

तिने पडदा निरंजनसमोर धरला. ‘आईला काढायचं? हो / नाही.’

निरंजनचं बोट वर गेलं आणि तिथेच राहिलं.

वहिनींनी ते पाहिलं. कट्ट्यावरच्या बाईनेही पाहिलं असावं. ती पापण्या लववत राहिली.

“ती कधी काही विचारत नाही गं,” शेवटी निरंजन म्हणाला. तो वहिनींकडे बघत नव्हता. “जेवलास का, उशीर का झाला. नुसतं ऐकते. मी घरी आलो की पहिली ती असते.”

“वामनराव कशाला विचारतील?” वहिनींचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. “त्यांना अजून चार डोकी करायची असायची. कानाला कात्री लागली होती त्या दिवशी तुझ्या, आठवतं? मान खाली म्हणाले ते. आतून धावत कोण आलं?”

निरंजन चादरीची कड चुरगळू लागला.

“कोण आलं?”

“तू.”

“आहे त्याचा व्हिडिओ?”

“नाही. काकाचा कॅमेरा माझ्यावर होता.”

“मग संपलं. तिला ठेव हवं तर. मला आयाचं काम जमेल. जेवायची सुट्टीसुद्धा आहे म्हणतात, जी तुमच्या घरात कधी मिळाली नाही. पण एक सांगून ठेवते. मी विचारणार. जेवलास का, विचारणार. उशीर का झाला, विचारणार. शिंद्यांच्या मुलीचंही विचारणार. तुला त्रास होतो ना, होऊ दे. ज्याचं काही पडलेलं नसतं त्याला कोण विचारतं?”

निरंजनने कट्ट्याकडे पाहिलं. हिरव्या साडीतली बाई त्याच्याकडे बघून मायेने हसली.

“मुंगी चावल्यासारखं होईल,” ती म्हणाली.

त्याने ‘हो’ दाबलं.

ती लगेच गेली नाही. आधी कल्ले गेले, मग हनुवटी, मग कुंकू. साडी थोडा वेळ नुसतीच बसून होती. मग तीही गेली, आणि करड्या पडद्यावर अक्षरं राहिली : ‘आई – जागा रिक्त. शोध चालू आहे.’

“अर्ज करायचा का तुमच्यासाठी?” ऋजुताने वहिनींना विचारलं. “वेळ लागेल. नाकारतीलही.”

“शोधू दे त्याला,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली. फरशीवर पाय घासल्याचा कर्कश आवाज झाला, आणि बाहेरून कुणीतरी “हळू!” म्हणालं. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

ऋजुता दार लोटून गेली.

“वहिनी.”

“ओ.”

“थोडं पाणी दे ना.”

“डॉक्टर नाही म्हणालेत. गप पड.”